नानांनी परत आणलेली पिशवी

मी इथे फारसं लिहीत नाही. आज लिहावंसं वाटलं.

माझा धाकटा भाऊ सुनील गोव्यात सर्फिंग शिकवायचा. आज त्याचा दहावा होता. त्याचा मित्र आग्नेल सुनीलची सर्फिंगची फळी घेऊन देवपूरला आमच्या घरी आला. आमच्या आजीने, आक्कांनी, फळीवरून हात फिरवला आणि विचारलं, "हाई इस्तरीनं टेबल शे का रे?" इस्त्रीचं टेबल! दहा दिवसांत पहिल्यांदा घरात कुणी हसलं.

लहानपणी मामाच्या गावी सुनील पाण्यात तरंगणाऱ्या केळीच्या खांबावर उभा राहायला बघायचा आणि तापीत पडायचा. तीच सुरुवात असावी.

आज तापीतच अस्थी सोडल्या. मग नाना, म्हणजे आमचे वडील, नेहमीच्या सवयीने हारफुलं प्लॅस्टिकच्या पिशवीसकट सोडायला निघाले. आग्नेल हळूच म्हणाला, "नाना, पिशवी नको. सुनील लाटांवरून परत येताना रोज अशीच एखादी पिशवी काढून आणायचा. रिकाम्या हाताने कधी आला नाही."

मला वाटलं, नाना चिडतील. सुनीलच्या कामाला ते कधी काम म्हणालेच नाहीत. ते पाण्याकडे बघत म्हणाले, "आपली तापी तठे जास का?"

"गोव्याला नाही, सुरतेजवळ समुद्राला मिळते. समुद्र एकच," मी म्हणालो.

नानांनी फक्त हारफुलं सोडली आणि पिशवी परत आणली. गाडीत ती त्यांच्या मांडीवरच होती.

आता घरी नाना विचारताहेत, तापीचं पाणी गोव्याला पोचायला किती दिवस लागतात. तुमच्यापैकी कुणाला माहीत आहे का?