करंज फुलले तेव्हा आलेला थवा

टाकीखालचा तो थवा मीच मारायला लावला. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

सिकंदराबादच्या आमच्या इमारतीचा मी तेव्हा सेक्रेटरी होतो. रस्त्याकडेचे करंज फुलले की आग्या माश्या या बाजूला येतातच. त्या वर्षी गच्चीवरच्या टाकीला लोंबल्या आणि माझा फोन थांबेना. कुणाच्या पोरांची परीक्षा, कुणाचे पापड वाळत घालायचे खोळंबलेले. एकाने तर फोटोवर लाल गोल काढून पाठवला, जणू मीच त्यांना आवतण दिलं होतं.

वरच्या मजल्यावरच्या काकू वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. आधी शेवगा, मग करंज, मग कडुलिंब, कुठलं झाड कधी फुललं ते कॅलेंडरवर लिहायच्या. म्हणाल्या, "अरे, पोळं नाही हे. मेण दिसतंय का कुठे? वाटेत टेकल्यात नुसत्या. दोन दिवस गच्चीला कुलूप घाल आणि गप्प बस."

म्हातारा वॉचमनही तेच म्हणाला. "नक्को छेडो साब, उनो खुद चले जातैं."

कुलूप घातलं. पण गप्प बसवेना. दुसऱ्या दिवशी काकू सुलतान बाजारला गेल्या आणि मी फवारणीवाल्याला बोलावलं. अर्ध्या तासात गच्चीवर मेलेल्या माश्यांचा सडा.

औषध टाकीतही उडालं. मग काय, कालपर्यंत "काहीतरी करा हो" म्हणणारेच "पाण्यात विष कुणी घातलं?" म्हणून जिन्यात जमले. काकू पिशवी घेऊन तिथेच उभ्या. त्यांनी विचारलं, "कुणी बोलावलं त्याला?"

मी म्हणालो, "वॉचमनने. मला न विचारता."

तो दाराशीच होता. इतकी वर्षं आमच्यात राहून मराठी त्याला चांगली कळायची. माझ्याकडे बघितलं, बोलला काहीच नाही. बोलला असता तर खोटं तिथेच उघडं पडून मी तरी सुटलो असतो, असं मी बरेच दिवस त्याच्यावरच चिडत होतो. कमिटीने त्याला काढलं. कागदावर सही माझी.

काकू अजूनही मला सांगतात, "चांगला माणूस होता, पण त्या दिवशी काय बुद्धी झाली कोण जाणे." मी मान हलवतो.

तो आता गौलीगुड्यात मुलीकडे राहतो. मला पत्ता ठाऊक आहे. त्याच्या दारात जाऊन माफी मागणं, आणि ज्यांच्यासमोर खोटं बोललो त्या सगळ्यांसमोर, काकूंसमोर आधी, खरं सांगणं, एवढं मी त्याचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.