बडे सरांचे बारा

माझे वडील डोमाजी घडीवाले कोणालाही माफ करत नसत. कोणी समजूत काढायला आलं की म्हणत, "घडीले रोजचा एक मिनिट माफ करून पाहा. महिन्याचा अर्धा तास होते. मंग बस रडत."

पांढुर्ण्याच्या बाजारात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं पत्र्याचं दुकान होतं. बातम्यांआधी रेडिओवर टूं-टूं सुरू झालं की तिथे शिंकायचीही बंदी. शेवटच्या टूंला त्यांची नजर काट्यावर. घड्याळ मागे पडलेलं असेल तर लंबकाखालची चक्री अर्धा पेच वर, पुढे गेलं असेल तर खाली, आणि मग चोवीस तास वाट पाहायची. उन्हाळ्यात लंबकाची सळई तापून लांबते, घड्याळ मागे पडतं. म्हणून चैत्रात सगळं पुन्हा पहिल्यापासून. शाळेच्या व्हरांड्यातलं मोठं घड्याळ त्यांनी असंच महिनाभर खपून लावलं होतं. त्याच्यावर त्यांचा माझ्यापेक्षा, पोटच्या पोरीपेक्षा, जास्त जीव होता, आणि मला ते मुळीच आवडत नसे.

मी आठवीत असताना शाळेत नवे हेडमास्तर आले. सौंसरचे. सगळे त्यांना बडे सर म्हणत. हुशार होते, पण आपण हुशार आहोत हे त्यांना फार लवकर कळलेलं. दिवाळीची सुट्टी संपल्यावर त्यांनी मैदानात काठी रोवली. सावली सर्वांत आखूड झाली तेव्हा घड्याळात बरोबर बारा. सर खूश. फेब्रुवारीत पुन्हा पाहिलं, तर सावली आखूड व्हायला साडेबारा वाजले! दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर त्यांनी माझ्या वडिलांना, बाबूजींना, सगळ्या शाळेसमोर उभं केलं.

"सूरज खोटा बोलते का, डोमाजी? तुमची घडी अर्धा तास पुढं पळून राहिली. खोटी घडी आन् खोटा कारागीर!"

पोरं हसली. माझ्या वर्गातलीही. बाबूजी घड्याळ खांद्यावर घेऊन घरी आले. सूर्याची खोड त्यांनाही ठाऊक नव्हती. घड्याळ बरोबर आहे, एवढंच ठाऊक होतं.

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवरून दगडफेक होते, त्या गोटमारीत डोकं फुटलं तरी वैर संध्याकाळी नदीवरच राहतं. बाबूजींचं वैर घरी आलं आणि राहिलं. त्यांनी दुकानाच्या पत्र्याला खिळ्यानं भोक पाडलं. खाली फरशीवर उत्तर-दक्षिण रेघ ओढली. उन्हाचा ठिपका रेघेवर आला की सूर्याचे बारा. आणि रेडिओवर मिळवलेल्या त्याच घड्याळात बारा वाजले की ठिपका असेल तिथे रंगाची खूण. रोज. पावसाळ्यात ढगांना शिव्या देत. वर्षभरात फरशीवर भला मोठा इंग्रजी आठाचा आकडा उमटला. तो रेघेला टेकत होता फक्त दिवाळीजवळ. फेब्रुवारीत पार लांब. वर्षभर मागेपुढे करत होता तो सूर्य, घड्याळ नव्हे.

बाबूजींनी बडे सरांना बोलावून फरशी दाखवली. मागणं एकच होतं: ज्या पोरांसमोर खोटं म्हटलं, त्यांच्यासमोर म्हणा, घडी बरोबर होती. सर बराच वेळ पाहत राहिले. त्यांना कळलं होतं. मी त्यांचा चेहरा पाहिला. पण म्हणाले, "रांगोळी चांगली काढली, डोमाजी." कोणाचं वाईट व्हावं असं मला त्या दिवशी पहिल्यांदा मनापासून वाटलं.

आठवड्याभरात संधी आपल्या पायांनी दुकानात आली. सरांची मनगटी घडी बंद पडली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या बसनं त्यांना छिंदवाड्याला मोठ्या पदाच्या मुलाखतीला जायचं होतं. बाबूजींनी घडी साफ केली, तेल दिलं, आणि काटे अर्धा तास मागे लावून शिपायाबरोबर धाडली. सर स्वतःच्या घडीत पावणेसातला ऐटीत स्टँडवर पोचले. बस सुटून पाव तास झाला होता. तिथून तडक दुकानात.

"घडीले काय केलं तुम्ही?"

"काही नाई, सर. तुमच्या सूरजवर लावून देल्ली."

ते पद दुसऱ्याला मिळालं. मला त्याचा अजून आनंद होतो, लपवत नाही. बाबूजींचं मात्र समाधान झालं नाही. मरेपर्यंत म्हणत राहिले, "बस चुकली त्याची. पण 'चुकलो' म्हणाला नाई."

या फेब्रुवारीत बाबूजी गेले. तेरवीनंतर बडे सर सौंसरहून आले. पार वाकलेले, काठी टेकत. दुकान मी होतं तसंच ठेवलंय. भिंतीवर ते घड्याळ, फरशीवर तो आठ. सर आत येऊन म्हणाले, "बेटा, डोमाजीले एक सांगाचं राहून गेलं. ती घडी..."

तेवढ्यात घड्याळात बाराचे टोल सुरू झाले. मी बाराही मोजले. फरशीवर उन्हाचा ठिपका रेघेपासून हातभर लांब होता.

"थांबा, सर," मी म्हणाले. "हे घडीचे बारा झाले. तुमचे बारा वाजाचे हायेत अजून."

त्यांना कळलं. काठीवर भार देऊन ते ठिपक्याकडे पाहत उभे राहिले. दुकानात दोन खुर्च्या होत्या. मी एकही पुढे केली नाही. साडेबाराला ऊन रेघेवर आलं.

"घडी बरोबर होती," ते पुटपुटले.

"मोठ्यानं, सर," मी म्हणाले. "तेव्हा शाळेसमोर बोलले होते तेवढ्या आवाजात."