पूर्वेची लगतदार

आधीच सांगते, मी भूतबित मानत नाही. लहानपणी कुणाच्या अंगात आलं की मी सगळ्यांत पुढे जाऊन बघत बसायची आणि आईचा धपाटा खाऊन घरी यायची. या ग्रुपवरचे अनुभवसुद्धा मी जेवता जेवता करमणूक म्हणून वाचते, आणि निम्म्यांना मनातल्या मनात 'झोप झाली नसेल' असं उत्तर देऊन मोकळी होते. माझं वाचून तुम्ही तेच म्हणालात तरी राग नाही. झोप मात्र माझी व्यवस्थित झाली होती... आणि भर दुपार होती.

मी अनघा, मूळची साताऱ्याची. आयर्लंडला मास्टर्स करायला आले ती इथलीच झाले. ॲथलोनला एका छोट्या ऑफिसात जमीन मोजणीचं काम करते. हे वेड घरातूनच आलंय. माझे वडील भूमी अभिलेख खात्यात सर्व्हेअर होते, आता रिटायर्ड.

आपल्याकडे मोजणीच्या आधी लगतदारांना, म्हणजे शेजारच्या जमिनीवाल्यांना, नोटीस जाते. बाबांचं तेवढ्यावर भागायचं नाही. ते शेताच्या मधोमध उभे राहून चारी दिशांच्या लगतदारांना नाव घेऊन खणखणीत हाक मारायचे, मगच काम सुरू. नोटीस पोचली म्हणजे माणूस आला असं नसतं, म्हणायचे. सातबाऱ्यावर एखाद्या वारलेल्या माणसाचं नाव तसंच राहिलेलं असलं तर त्यालाही हाक. लोक हसायचे, "अहो साहेब, ते कधीच गेले." बाबा शांतपणे म्हणायचे, मग त्यांच्या वतीनं तुम्ही या. सुट्टीत मी बरोबर असायची. मोजणीला आलेली माणसं हात मागे बांधून, मोजायच्या साखळीवरची नजर न हलवता कशी उभी असतात ते मी तेव्हापासून बघत आलेय.

लॉकडाऊन लागला त्या वर्षी बाबा विसरायला लागले. आधी चष्मा, मग औषधं, मग घराचा पत्ता. दादा-वहिनी सांभाळत होते. मी रोज व्हिडिओ कॉल करायची आणि ते रोज विचारायचे, "अनू, कधी येतेस?" मला जाता येत नव्हतं. विमानं धड नव्हती, आणि गेले तर परत आत घेतील की नाही, नोकरी राहील की नाही, कशाचीच खात्री नव्हती. मला एकच भीती होती. मी पोचेपर्यंत ते मला विसरले तर? बाकी सगळं विसरू देत, पण मी जाऊन समोर उभी राहीपर्यंत माझं नाव राहू दे, एवढंच मी मागत होते. २०२१च्या मार्चमध्ये ते 'अनू' म्हणायचे थांबले. एप्रिलमधल्या त्या दिवशी सकाळी कॉल लावला तर त्यांनी स्क्रीनकडे बघून वहिनीला अदबीनं विचारलं, "या बाई कोण?"

मी फोन ठेवला, तोंड धुतलं आणि कामाला निघाले.

काम रॉसकॉमनच्या बाजूला होतं. डेक्लन नावाचा सत्तरीचा शेतकरी. त्याला एका कुरणाच्या कोपऱ्यात मुलीसाठी घर बांधायचं होतं. मुलगी ऑस्ट्रेलियात नर्स, तिथून निघता येत नव्हतं. इथे घर बांधायचं तर परवानगीच्या अर्जाबरोबर गेटवर जाहीर नोटीस लावावी लागते, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येईल अशी. नोटीस गेटवर ठोकायला त्याला मदत केली तेव्हा तो म्हणाला, या रानासाठी याआधी नोटीस लागली होती ती चॅपलच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या, दारावर.

मग त्यानं हातोडी खिशात घालत सगळं सांगितलं. त्याच्या खापरपणजोबांच्या काळात त्या कुरणात दाटीवाटीनं वसलेलं एक लहानसं गाव होतं. इंग्रज जमीनदारानं सर्व्हेअर पाठवला. लोकांना वाटलं रस्ता होणार, म्हणून त्यांनीच हौसेनं त्याची साखळी धरली. थोड्या दिवसांनी नोटीस लागली ती इंग्रजीत, आणि गाव बोलायचं आयरिश. वाचून दाखवायला कुणी मिळेपर्यंत मुदत संपत आली होती. घरं पाडली, माणसं जहाजांवर चढली, आणि नकाशावर सरळ रेघांची चौकोनी कुरणं उरली. फक्त नावं राहिली. पूर्वेच्या कुरणाला अजून फॅलनबाईचं कुरण म्हणतात, उत्तरेचं मार्टिनचं, दक्षिणेचं लोहाराचं. पश्चिमेचं नाव कुणालाच आठवत नाही. आता चारी बाजूंची जमीन डेक्लनचीच आहे.

एवढ्यात त्याची गाय व्यायला झाली म्हणून तो खालच्या गोठ्याकडे गेला. "यू'ल बी ग्रँड," म्हणाला, म्हणजे तुझं तू निभावशील. मी जीपीएसचा दांडा लावला, आणि काय मनात आलं कोण जाणे... सकाळचं ते 'या बाई कोण' डोक्यातून जात नव्हतं. बाबांचं काहीतरी जवळ हवं होतं. मी कुरणाच्या मधोमध उभी राहिले आणि त्यांच्यासारखा आवाज लावला. चक्क मराठीत. "पूर्वेच्या लगतदार फॅलनबाई, हजर आहात का? मोजणी सुरू करतोय." मग उत्तर, मग दक्षिण. पश्चिमेला कुणाचं नाव नव्हतं म्हणून ती बाजू सोडली. स्वतःचंच हसू आलं, थोडं रडूही आलं, आणि मी खाली वाकून पहिला पॉइंट घेतला.

मान वर केली तर पूर्वेच्या दगडी गडग्याशी एक म्हातारी उभी होती. अंगाभोवती जाड शाल, डोक्यावरून घेतलेली. मास्क नव्हता, म्हणून मी आधी दोन पावलं मागेच सरकले. वाटलं, गावातली कुणी असेल. हात केला, हवेबद्दल काहीतरी बोलले. मग उत्तरेला पाहिलं, तिथे एक पुरुष. दक्षिणेला एक पुरुष. पश्चिमेला कुणी नाही.

इथे तुम्ही विचाराल, घाबरलीस का? खरं सांगते, नाही. कारण ते कसे उभे होते ते मला पाठ होतं. हात मागे, नजर माझ्या दांड्यावर. मोजणीला आलेली माणसं. मी एकेक पॉइंट घेत फिरले आणि त्यांच्या माना माझ्याबरोबर फिरत होत्या. पूर्वेच्या कोपऱ्याशी आले तेव्हा म्हातारी गडगा सोडून कुरणात थोडी आत आली आणि एका जागी घट्ट उभी राहिली. हद्द इथे आहे, असं आपल्याकडच्या बायका जशा पायानं सांगतात, तशी. मी तिथलाही पॉइंट घेतला. इतक्या जवळ गेले की तिच्या शालीला येणारा धुराचा वास आला.

खालून डेक्लनची हाक आली, कालवड झाली म्हणून. मी वळून 'ग्रँड' म्हणाले आणि परत पाहिलं तर कुरणात मी एकटी होते.

व्हॅनमध्ये जाऊन बसले, थर्मासचं झाकण उघडेना. आणि फोन वाजला. दादाचा नंबर... पण बोलत होते बाबा. आवाज पूर्वीचा, ऑफिसातला.

"अनू, मोजणी झाली का गं?"

कसंबसं 'होत आली' म्हटलं.

"ती पूर्वेची बाई केव्हाची उभी आहे. तिला बसायला सांग आधी. वय झालंय तिचं."

"बाबा, कोण बाई?"

"अगं, तूच हाक मारलीस ना? मी ऐकली. आणि पश्चिमेची हाक राहिली तुझी."

"तिकडचं नाव माहीत नाही, बाबा."

"मग 'जे कोण असाल ते' म्हणायचं. नाव ठाऊक नाही म्हणून माणसाला वगळायचं नसतं."

त्यानंतर ते नेहमीचं बोलत राहिले. जेवलीस का, थंडी फार आहे का, बूट ओले ठेवू नकोस. मी नुसती हो हो करत होते आणि रडत होते. शेवटी म्हणाले, "ये सवडीनं. मी आहे." मग दादानं फोन घेतला. तो स्वतःच हुंदके देत होता. म्हणाला, खिडकीशी गप्प बसलेले बाबा एकदम उठले, त्याचा फोन मागितला, अनूला लावून दे म्हणाले. सकाळी मी कुठे जाणार आहे हे मी घरी कुणालाच सांगितलं नव्हतं.

मी परत कुरणात गेले. पश्चिमेला तोंड करून 'जे कोण असाल ते' म्हणून हाक मारली. पूर्वेच्या रिकाम्या जागेकडे बघून 'बसा' म्हटलं. डेक्लननं दुरून पाहिलं असणार.

जुना नकाशा पाहिलास का, हा प्रश्न येणारच. पाहिला. म्हातारी उभी होती तिथे एक घर होतं. पण त्या रानात कुठेही उभे राहिलात तरी कुणाच्या ना कुणाच्या घरातच उभे असता, म्हणून त्याला मी पुरावा धरत नाही. फोनचं मात्र मला काही केल्या समजत नाही. वहिनी म्हणते, माया असते. ऑफिसातली मैत्रीण म्हणते, ताण असतो. दोघींचंही मी ऐकून घेते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी परत विचारलं, या बाई कोण.

ऑक्टोबरमध्ये एकदाची घरी पोचले. बाबांनी हात जोडून नमस्कार केला, "आपण कुठल्या?" विचारलं आणि स्वतःची खुर्ची मला दिली. सुट्टी संपेपर्यंत मी त्यांच्याजवळ बसून होते. माझं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही. म्हणजे नाव राहिलं होतं ते त्या दुपारच्या फोनपुरतंच, आणि तेव्हा मी एका व्हॅनमध्ये होते.

परवा, डिसेंबरात, डेक्लनच्या घराच्या पायाची आखणी करायला परत त्या कुरणात गेले. त्याची मुलगी यायचीच आहे अजून. काम झाल्यावर मी मधोमध उभी राहिले आणि या वेळी तिकडे घरी खिडकीशी बसलेल्या बाबांना हाक मारली, त्यांचं पूर्ण नाव घेऊन. वारा होता, मेंढ्या चरत होत्या, कुणी आलं नाही. दुसऱ्यांदा मारली. फोन हातातच धरला होता.

बाबांच्या मोजणीत प्रत्येकाला तीन हाका असत. तिसरीलाही कुणी आलं नाही, तर तो माणूस गैरहजर धरून काम पुढे सुरू करायचं, असा त्यांचा नियम. मी तिसरी हाक मारली नाही. दांडा उचलला आणि व्हॅनकडे आले.