मागच्या दाराचा दाखला

गंगेकाठी दुर्गाघाटावरच्या आमच्या घराला मागच्या गल्लीत उघडणारं एक बुटकं दार होतं. आमचा संडास साफ करणारी बाई तिथूनच यायची आणि टोपलं भरून डोक्यावरून न्यायची. आई तिला पोळी द्यायची ती वरून टाकून, हाताला हात लागू नये म्हणून. आम्ही याला सोवळं म्हणायचो. मला त्या शब्दाची आजही चीड येते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आई जाऊन चार वर्षं झाली होती, मी शाळेत शिकवत होते. एके सकाळी ती बाई फॉर्म घेऊन आली. मैला वाहणाऱ्या बायकांना सरकार शिवणकाम शिकवणार होतं, वर मशीनही देणार होतं. फक्त ती ज्या घरी काम करते, तिथला दाखला हवा होता.

"बहनजी, एक लाइन लिख दीजिए कि हम आपके यहाँ पाखाना कमाते हैं." पाखाना कमाना, म्हणजे संडास उपसणं.

वडील पूजेवरून उठून आले. "काही लिहून द्यायचं नाही. असला संडास ठेवणं आता गुन्हा आहे, आपल्याच घरी नोटीस येईल." मग तिला म्हणाले, "हमारे यहाँ ऐसा कुछ नहीं है." हे ते संडासाकडे पाठ करून म्हणाले. वास तिथपर्यंत येत होता.

ती पाच घरं करायची. बाकीच्या चौघांनीही तेच ऐकवलं. सगळे सज्जन, गंगास्नान न चुकवणारे. माझं डोकं फिरलं. फॉर्म घेऊन मी तडक सरकारी कचेरीत गेले आणि दाखल्याशिवाय तिचं नाव घ्या म्हणून साहेबाला वाटेल ते बोलले.

त्याने शांतपणे रजिस्टर उघडलं. "मैडम, आपकी गली में तो सबके यहाँ फ्लश है. सर्वे में लिखा है. और ये दस्तखत?"

सही माझी होती.

आदल्या वर्षी आम्हा शिक्षकांना या सर्वेच्या कामाला जुंपलं होतं. आमची गल्ली माझ्याच वाट्याला आली होती. स्वतःच्या घराचा रकाना भरताना हात अडला. हे कागद शाळेतूनच जाणार, बरोबरीच्या बाया वाचणार. लाज वाटली आणि 'फ्लश' लिहून टाकलं. मग शेजाऱ्यांनीही गळ घातली. त्यांच्या घरचा चहा पीत मी त्यांचंही तेच लिहिलं.

साहेबाने कोरा कागद पुढे सरकवला. "लिख दीजिए कि सर्वे गलत था. इसका काम हो जाएगा."

माझं काय होईल ते त्याने सांगितलं नाही, मला ठाऊक होतं. नोकरीवर गदा. मघापासून आरडाओरडा करणारी मी, पेनाला टोपण लावून उठले. असली भेकड बाई त्या कचेरीत दुसरी नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती मागच्या दारात उभी होती.

"का भइल, बहनजी?"

"नहीं मानते."

"के नाहीं मानत?"

"सरकार," मी म्हणाले.

तिने मान हलवली. माझ्यावर तिचा विश्वास होता, याचाच मला त्या क्षणी राग आला. मग तिने फॉर्म परत मागितला आणि दोन्ही हात पसरले.

मी तो वरून टाकला.