मधेच पडलेल्या टाळ्या

मुनीरमास्तर वाद्यावर उपडे पडले आणि मांडवातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. लोक वाईट नव्हते. मास्तरांनीच त्यांना तशी सवय लावली होती.

आखाडा बाळापूरला माझी आणि त्यांची भिंत एक. तरुणपणी ते हैदराबादला एका हॉटेलात जॅझ वाजवायचे. तिथलं वाजवणं बंद पडलं तेव्हा आपला व्हायब्राफोन घेऊन गावी आले. वारंगा फाट्यावर ट्रकमधून ते धूड उतरलं, तर लोकांना वाटलं बोअरचे पाइप आणलेत. वर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, खाली नळ्या, नळ्यांत विजेवर फिरणाऱ्या चकत्या आणि शिलाई मशीनसारखं एक पायडल. पायडल दाबून धरलं की सूर लांबतो, सोडलं की जागीच बंद. हे मला चांगलं ठाऊक आहे, कारण वीस वर्षं तो सूर माझ्या स्वयंपाकघरात लांबत आला आहे.

वाजवायच्या काठ्यांच्या टोकाला सूत गुंडाळावं लागे. मी गोधड्या शिवते, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. काठ्या चार, दोन्ही हातांत दोन-दोन. सूत झिजलं की मास्तर दारात उभे. "आक्का, आवाज खणखण करून राहिला. जरा मऊ करा." मी म्हणायची, मऊ करा नाहीतर कडक, ऐकायचं मलाच आहे.

सगळ्यांना माहीत असलेलं गाणं नीट वाजवायचं सोडून तुम्ही मधेच कुठे जाता, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "गावाला काय सडकेनंच जावं लागतं व्हय? आमी बांधाबांधानं जातो. पोचतो बराबर."

"एखाद्या दिवशी बांधावरून पडाल," मी म्हणाले.

टाळ्यांचा हट्टही त्यांचाच. गाण्याच्या मधे एक फेरी मनातली वाजवायची, आणि ती संपली की तिथेच टाळी पडली पाहिजे. जॅझमधे तशीच रीत असते म्हणे. लग्नात पंगत बसली की ते वाजवायचे, फेरी संपली की काठ्या वर धरून लोकांकडे बघत थांबायचे. सुरुवातीला लोकांना वाटे, वीज गेली. पण गाव शिकलं. मास्तर थांबले की माणसं उष्ट्या हातांनी टाळ्या द्यायची.

शेवटचा सूर मात्र त्यांनी कधी तोडला नाही. पायडल दाबून, डोळे मिटून, तो विझेपर्यंत उभे राहायचे. "त्याचं तो जाईल आक्का. आपण काहून हाकलायचा?"

माझ्या नातीच्या लग्नात मी त्यांना अट घातली की आज सडकेनंच जायचं. व्याही जवळा बाजारचे, नाकाच्या शेंड्याकडे बघून बोलणारे. मास्तर हो म्हणाले. दोन कडवी सडकेनं गेले आणि उतरले बांधावर. व्याही माझ्याकडे बघू लागले. चारचौघांत मास्तरांना दोन शब्द सुनवायचे म्हणून मी उठले. अर्ध्या वाटेत पोचले तर सूर चाकूनं कापल्यासारखा बंद झाला. त्यांचा पाय पायडलवरून सुटला होता. मग ते पट्ट्यांवर पडले आणि टाळ्या सुरू झाल्या. बाकीच्यांचं बघून व्याह्यांनीही वाजवल्या.

"वाजवू नका, माणूस मरून राहिला," मी म्हणाले. दुसऱ्यांदा ओरडावं लागलं, टाळ्या चांगल्या जोरात होत्या. फुलं लावलेली नवरदेवाची गाडी काढली, मास्तरांना आडवं घातलं आणि नांदेड गाठलं. मेंदूत रक्ताची गाठ झाली होती. थोडा उशीर झाला असता तर संपलं होतं, असं डॉक्टर म्हणाले. नात टेम्पोत बसून सासरी गेली.

आठव्या दिवशी मास्तरांना नीट बोलता आलं. टाळ्या पडल्या का, हे त्यांनी पहिलं विचारलं. पडल्या, मी म्हणाले.

"बराबर जागेवर?"

"चुकीच्या. तुमी अजून बांधावरच होता. सडकेवर यायचे होतात."

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. "म्हंजे आक्का, तुमी ऐकत होत्या."

मी खिडकी लावायला उठले.

आता मी दोनच काठ्यांना सूत गुंडाळते. मास्तर त्यातून जगले. डावा हात जगला नाही.