सीलबंद चष्मा

कोर्टात मुद्देमालाची खोली सांभाळणाऱ्या काकांचा चष्मा एकदा अकरा दिवस सरकारजमा होता. टंकलेखकाला हे ठाऊक होतं, कारण तो सोडवायचा अर्ज त्यानंच टाइप केला होता. पुराव्याचं पुडकं बांधताना काकांनी चष्मा काढून ठेवला, तो नजरचुकीनं आतच बांधला आणि वर लाखेचं सील ठोकलं. सील बसलं की साहेबांच्या हुकुमाशिवाय कुणी ते तोडायचं नाही, असा नियम. काका स्वतःसाठी तो मोडतील तर शपथ! 'माझा चष्मा मला परत मिळावा' असा अर्ज करायला ते भिंत चाचपत टंकलेखकाकडे आले होते.

चष्मा का काढला, तेही त्यांनी तेव्हाच सांगितलं. पुडक्यात एका लहान मुलीचा बूट होता. काकांना रडू आवरेना, म्हणून डोळे पुसायला काढला. "कुणाला बोलू नकोस हं," एवढंच म्हणाले.

टंकलेखक बोलला नाही, त्यानं लिहिलं! दोन वर्षं खपून एक विनोदी गुन्हेकथा हातावेगळी केली. तिच्यात चोर हुशार, फौजदार झोपाळू आणि मुद्देमालाचा कारकून असा नियमवेडा, की स्वतःचाच चष्मा सील करून अर्ज घेऊन फिरतो. बुटाच्या जागी मात्र चोरीचा कोंबडा होता. बूट ठेवला असता तर कुणी हसलं नसतं, आणि याला तर हसवायचं होतं. आपण व्यवस्थेवर कोरडे ओढतोय, अशी त्याची समजूत. कोरडे बसले ते काकांच्या पाठीवर.

पुस्तक कोर्टभर फिरलं. शिपायापासून वकिलांपर्यंत जो तो विचारू लागला, "काय काका, कोंबडा आरवला का?" काका कसनुसं हसायचे. टंकलेखक त्यांची खोली टाळून मागच्या जिन्यानं ये-जा करू लागला. त्याला लाज वाटत होती.

शेवटी एका दुपारी काकाच पुस्तक घेऊन त्याच्या टेबलाशी आले. आज माफी मागायचीच, असं ठरवून तो उठला.

"काका, माझं चुकलं. मी..."

"थांब रे, आधी माझं ऐक. सूनबाईनं सगळं वाचून दाखवलं. लोक काय, चार दिवस चिडवतील. पण बुटाचं तू अक्षरही लिहिलं नाहीस. शेवटचं पान होईपर्यंत माझा जीव टांगणीला होता बघ. रडलो ते कळलं असतं, तर इथं तोंड दाखवता आलं नसतं मला. तू शब्द पाळलास."

बूट का गाळला, ते खरं सांगायला टंकलेखकानं तोंड उघडलं. पण काका त्याच्याकडे फार मायेनं बघत होते.

"तेवढं तर करायलाच हवं होतं, काका," तो म्हणाला, आणि त्यांनी पुढे केलेल्या पुस्तकावर त्यानं सहीसुद्धा केली.