एका स्क्रूचं दुखणं

सत्तर-एकाहत्तर साली संगमनेरला माझा टायपिंगचा क्लास होता. एखादं मशीन बिघडलं, की मी नगरच्या मिस्त्रींना पोस्टकार्ड टाकायचो. ते सकाळच्या एस.टी.नं येत. मला टाइप करायला लावून स्वतः डोळे मिटून ऐकत आणि नुसत्या आवाजावरून दुखणं ओळखत. मग स्क्रू-ड्रायव्हर माझ्याच हातात देत. "तुमी करा सर, मी हाय ना."

"सगळ्यांना असं शिकवलंत, तर तुमचा धंदा कसा चालायचा?" मी एकदा विचारलं.

"लई वाढलाय की! शिकलेला मानूस आनखी चार जनांना माझं नाव सांगतो."

खरंच होतं. कापडाच्या पेढीला, दूध सोसायटीला त्यांचा पत्ता मीच दिला होता. पण आता मला सगळं येत होतं, त्यामुळे वर्षभर ते आमच्याकडे फिरकलेच नाहीत. शेवटी मी एका चांगल्या मशीनचा स्क्रू सैल केला आणि पोस्टकार्ड टाकलं.

ते आले. डोळे मिटून ऐकलं, गालात हसले आणि स्वतःच स्क्रू आवळला. मजुरी घेतली नाही. चहा संपवून बशी खाली ठेवताना म्हणाले, "फुडच्या बारीला नुसतं 'या' लिवा, सर. मशीनला कशाला तरास?"